कोरा नमुना

"श्वास धरा," केतकी म्हणाली. काडीएवढी बारीक नळी दत्ताराम घाणेकरांच्या फुफ्फुसातून मोहरीएवढा तुकडा घेऊन बाहेर आली. रंगकारखान्यांच्या या वसाहतीत ही तपासणी आता डोळे तपासण्याइतकी सवयीची झाली होती. कर्करोगकारक रसायनं पेशीतल्या डीएनएला जिथं जिथं चिकटतात, ते 'चिकटे' यंत्र मोजत असे. गाठ धरण्याच्या कितीतरी आधी धोका कळायचा.

अहवाल आला: सामान्य. यंदाही.

"जिना चढताना भिंत धरायला लागते मला," दत्ताराम म्हणाले. "नि तुमचं यंत्र म्हणतंय काय नाय झालं? अहवाल वाईट आल्याबिगर रंगाच्या टाकीवरनं दुसऱ्या कामाला हलवत नायत, मॅडम."

कुठंतरी पाणी मुरत होतं. प्रयोगशाळा चालायची कारखानदारांच्या पैशावर, आणि प्रमुख डॉ. साठ्ये त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलायचे. केतकीनं कुणाला न सांगता यंत्रातली मूळ मोजणी उघडली.

आकड्यांना कुणी हात लावला नव्हता. दत्तारामांच्या पेशीत चिकटे भरपूर होते. पण यंत्र त्यातून निरोगी फुफ्फुसाचे, म्हणजे 'कोऱ्या नमुन्या'चे चिकटे वजा करत होतं. आणि तेही तितकेच होते. रसायनही तेच, रंगातलं.

कोरा नमुना कुणाचा, ते तिला आठवलं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा प्रथेप्रमाणे कर्मचाऱ्यांनीच तो दिला होता. विडी-सिगारेट न ओढणारी, एसीत बसणारी माणसं, म्हणजे स्वच्छच! पहिला तुकडा तिनंच दिला होता, मोठ्या हौसेनं.

"मी काही दडवलं नाही गं," तिनं आकडे दाखवल्यावर साठ्ये म्हणाले. "लांबच्या गावातून नवा नमुना आणू. पण जुने अहवाल मागे घेतले तर इथं कुलूप लागेल. जरा थांब."

आपण सगळेच वसाहतीची हीच हवा घेतो, हे त्यांना खरंच सुचलं नव्हतं, की सुचू द्यायचं नव्हतं? केतकीला ठरवता येईना. पण ती थांबली नाही. बाहेर येऊन तिनं दत्तारामांना सगळं सांगितलं. "तुमचा अहवाल चुकीचा होता. मी तो रद्द केलाय."

ती शिव्या ऐकायच्या तयारीत होती. दत्ताराम मात्र तिच्याकडे काळजीनं बघत राहिले.

"मला आता टाकीवरनं हलवतील," ते म्हणाले. "तुम्हाला कुठं हलवायचं, मॅडम?"