आधी ऑइल, मग बटण

मास्तरांच्या गाडीचं ऑइल वर्षातून एकदा बदललं जाई, आणि ते मास्तर स्वतःच बदलत. गॅरेजवाल्याने एकदा जुनाच फिल्टर पुसून परत बसवला होता, तेव्हापासून त्यांनी गॅरेजची पायरी चढायची नाही असं ठरवून टाकलं होतं.

त्यांची एक वही होती. डावं पान गाडीचं, उजवं पान नातीचं. दर रविवारी ते मीटरमध्ये बघून ऑइलचं आयुष्य किती टक्के उरलं ते डावीकडे लिहीत, आणि त्या आठवड्यात नात काय नवीन शिकली ते उजवीकडे. चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. नोंद केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्या रविवारी मीटर पंधरा टक्क्यांवर आला होता आणि काट्याशेजारी छोटा पिवळा दिवा लागला होता. नात गाडीशेजारी उकिडवी बसून सगळं बघत होती. आठ वर्षांची. घरात सगळे तिला चिमणी म्हणत.

"आजोबा, दिव्याला कसं कळतं हो, ऑइल जुनं झालं म्हणून?"

"त्याला डोंबल कळतंय! तो नुसता मोजत बसतो. नवं ऑइल घातलं की आपणच त्याला सांगायचं, बाबा रे, आता पहिल्यापासून मोज."

"कसं सांगायचं?"

शिकवायची संधी मास्तर सोडतात होय! त्यांनी हात पुसले आणि तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "किल्ली अर्धीच फिरवायची. इंजिन चालू करायचं नाही. मग हे बटण दाबून धरायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. दिवा लुकलुकेल, विझेल, आणि इथे शंभर दिसेल. पण आधी ऑइल, मग बटण. काय?"

"आधी ऑइल, मग बटण," चिमणी शहाण्यासारखी म्हणाली.

जुनं ऑइल खालच्या पत्र्याच्या टबात गळत होतं, काळं आणि दाट. शेवटचा थेंब पडल्यावर मास्तरांनी नट आवळला आणि नवा डबा आणायला मागच्या खोलीत गेले. परत आले तर दिवा विझलेला. मीटरवर शंभर. इंजिनात ऑइलचा टिपूस नव्हता, आणि चिमणीचं बोट अजून बटणावर होतं.

"अगं, मी तुला काय सांगितलं होतं?"

तिने मान वर केली. तिची जीभ गालात काहीतरी शोधत फिरत होती.

"आजोबा, माझा दात कुठे गेला?"

तो दात पडून पाच महिने झाले होते.

मास्तर हसले. पोरीची थट्टा चालली आहे असंच त्यांना वाटलं. त्यांनी नवं ऑइल ओतलं, पट्टी बुडवून पातळी पाहिली, बॉनेट लावलं. दुपारी चिमणीने बूट त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाली, "नाडी बांधून द्या ना." गेलं वर्षभर ती आपली आपण बांधत होती.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. ती इस्पितळात रक्त तपासायचं काम करी. चिमणी धावत दारात गेली.

"आई, पप्पा आज उशिरा येणारेत का?"

सूनबाईचा खांद्यावरची पर्स काढणारा हात तिथेच थांबला. चिमणीचे पप्पा, म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसच्या जिन्यात छातीला हात लावून तो खाली बसला, तो उठलाच नाही.

डॉक्टरांनी चिमणीला सगळीकडून तपासलं. "काही दोष नाही. मनाने एक वर्ष पुसून टाकलंय. वेळ द्या," एवढंच ते म्हणाले.

"मग तिला सांगायचं काय?" मास्तरांनी घरी आल्यावर विचारलं.

"मी एकदा सांगितलंय, बाबा." सूनबाईने तोंड फिरवलं. "तो दिवस माझ्याच्याने परत होणार नाही."

पप्पा कामासाठी बाहेरगावी गेलेत, असं ठरलं. चिमणीने मान डोलावली आणि ती खिडकीतली जागा धरून बसली. रोज बसू लागली.

मास्तरांची वही चालूच होती. सत्त्याण्णव टक्क्यांच्या रविवारी चिमणीने कुणी न सांगता नाडी बांधली. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गेल्या वर्षीची पानं उलटली. सत्त्याण्णव. उजवीकडे त्यांच्याच अक्षरात: नाडी बांधता आली.

योगायोग, त्यांनी स्वतःला सांगितलं.

एक्क्याण्णवला तिने सातचा पाढा म्हटला आणि सात आठे चोपन्न म्हणाली. गेल्या वर्षीचं एक्क्याण्णव: सातचा पाढा. सात आठे चोपन्न म्हणते.

दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, हे त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं. म्हणून त्यांनी बारा दिवस गाडी जागची हलवली नाही. त्या बारा दिवसांत चिमणीला काहीही नवीन आठवलं नाही. तेराव्या दिवशी ते तिला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर दीडशे किलोमीटर फिरून आले. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर घड्याळ वाचायला लागली, पावणेसहा, सहाला दहा कमी.

मग मास्तर रोज गाडी काढू लागले. ऑइल लवकर जुनं व्हावं म्हणून गर्दीच्या रस्त्याने, ब्रेक धरत-सोडत. टक्का उतरे आणि पोर थोडी थोडी परत येई. त्यांना इतका आनंद झाला की गेल्या वर्षीची पुढची पानं बघायचं त्यांना दोन महिने सुचलंच नाही.

बघितली, त्या दुपारी ते वही घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"बाबा, हे वेड आहे," सूनबाई वाचून म्हणाली. पण वही तिने खाली ठेवली नाही. गेल्या वर्षीच्या अठ्ठावन्नच्या पानावर तिचं बोट होतं. डावीकडे आकडा आणि मुलगा गेला त्या आठवड्याची तारीख. उजवं पान कोरं.

"आता किती आहे?"

"एकोणसाठ."

बाहेरच्या खोलीत चिमणी खिडकीत बसून स्वतःशीच गाणं म्हणत होती.

"उद्या गाडी काढू नका."

"अगं, मग ती इथेच अडकेल. शाळा, मैत्रिणी, सगळ्यांच्या मागे. जन्मभर त्याची वाट बघत."

"अडकू दे," सूनबाई म्हणाली. "गाणं म्हणतेय ती. ऐकताय ना?"

मास्तरांनी तेव्हाच बॅटरीची वायर काढली. गाडीवर कव्हर घातलं, चारही बाजूंनी दोरी ओवली आणि वर गाठी मारल्या.

तीन दिवस गेले. चिमणी खूश होती. एक मात्र झालं. पप्पा कधी येणार, हे तिने विचारायचं सोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती बूट घालत होती.

"चिमणे, आज शाळेत चालतच जाऊ हं. गाडी जरा बिघडलीय."

"बिघडली नाही काही. तुम्ही वायर काढलीय."

"कुणी सांगितलं?"

"पप्पांनी." तिने नाडीची गाठ ओढली. "असू दे म्हणाले. त्यांना गाडीत नुसतं बसायलाही चालतं."

स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. तो बराच वेळ कुणी बंद केला नाही.

मास्तर अंगणात गेले. कव्हर तसंच होतं. दोरीच्या गाठी त्यांच्याच होत्या, एकही सैल झालेली नव्हती. त्यांनी त्या सोडल्या. बॉनेट उघडलं. वायर सुटी लोंबत होती.

ते दार उघडून आत बसले.

त्यांच्याखेरीज ही गाडी आता कुणी चालवत नव्हतं. सूनबाईला चालवता येत नव्हती.

त्यांचे पाय क्लचपर्यंत पोचले नाहीत.

सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली होती. एवढी मागे ती या घरात एकाच माणसाला लागायची.

 मास्तर सीट पुढे न ओढताच खाली उतरले, आणि दार त्यांनी आवाज न करता लावलं.