टोकणारा आवाज

माझा स्टुडिओ तळघरात आहे. गाद्यांच्या नि पंख्यांच्या जाहिराती रेकॉर्ड करून माझं पोट भरतं. त्या दुपारी भाचा आला तो मात्र स्वतःच्या गाण्यासाठी. तो अंडरग्राउंड रॅपर आहे. गाण्यातलं नाव 'काळ'. घरी आम्ही छकुल्या म्हणतो, पण हे त्याच्या चाहत्यांपर्यंत जाऊ देऊ नका. अल्बमच्या आधी हे एकच गाणं सोडायचं होतं. चाललं तर अल्बम, नाहीतर वडिलांच्या दुकानात मुकाट्यानं बसायचं, असा शब्द त्यानं आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, दिला होता. पोरगं पार धास्तावलं होतं.

काचेपलीकडच्या खोलीत तो माइकसमोर उभा राहिला. भिंतींना स्पंज, ओलसर वास, आणि दार लावलं की स्वतःचाच श्वास मोठा वाटावा अशी शांतता. गळ्यातली साखळी वाजते म्हणून मी ती काढायला लावली. मग त्यानं आवाज खाली नेला:

"रस्त्यानं पोसलं मला, घरानं टाकलं,
उपाशी झोपलो, आभाळानं झाकलं!"

झकास! मी परत लावलं. ओळ संपली, आणि पाठोपाठ एक म्हातारा, कोरडा आवाज हळूच म्हणाला, "आज जेवताना दोनदा वाढून घेतलंस."

"मामा... तू बोललास?"

"माझ्याकडे माइकच नाही रे..."

दुसरं कडवं घेतलं. "अंधार माझा भाऊ, भीती मला भिते!"

"जिन्यातला दिवा चालू ठेवून आलास," परत लावल्यावर आवाज म्हणाला.

दिवा खरंच चालू होता. माझी पाचावर धारण बसली. स्क्रीनवर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, त्याचा बारीकसा उंचवटा दिसतो. ते पुसण्यात माझं आयुष्य गेलंय. या आवाजाआधी रेघ सपाट होती.

"पुसून टाक, मामा..."

मी पुसलं. परत लावलं, तर पुसलेल्या जागी तो घसा खाकरत होता.

संध्याकाळी गाणं सोडायचं जाहीर झालेलं. शेवटी भाच्यानं डोळे मिटून ते तसंच सोडलं, आणि गाणं तुफान चाललं! 'काळ'चं कुणाला काही पडलं नव्हतं. सगळे विचारत होते, तो टोकणारा म्हातारा कोण? बहीण म्हणाली, "निदान त्यानं तरी माझी बाजू घेतली." आणि अल्बमला परवानगी दिली.

आता पंचाईत अशी की अल्बमभर तो आवाज हवा, आणि तो थाप मारल्याशिवाय येत नाही. भाचा दिवसभर मान मोडून थापा लिहितो आणि रेकॉर्डिंगची वेळ आली की रडकुंडीला येतो. जिन्यातला दिवा हल्ली मीच चालू ठेवतो.

काल बहिणीचा फोन आला. भाचा समोर डबा खात होता, तोंड भरलेलं.

"दादा, खरं सांग... तिथे काही भलतंसलतं नाही ना?"

"छे गं! इथे आम्ही दोघंच तर असतो."

पलीकडे तिनं घाईनं टीव्ही बंद केला. मला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं.

"दादा..." ती अगदी हळू म्हणाली, "मग आत्ता 'तिघं' कोण म्हणालं?"