काचेवरची टकटक

‘मालक ओळखता आले नाहीत.’ सकाळपासून सातव्यांदा पडद्यावर तीच ओळ उमटली आणि पुंडलिक फिरके स्वतःच्याच प्रयोगशाळेत परक्याच्या घरी आल्यासारखे उभे राहिले.

केळीच्या कंदाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा, थंड खोलीत वाढवायचा आणि एकाची हजार रोपं करायची, हा फिरक्यांचा व्यवसाय. सावदा परिसरातल्या कितीतरी बागा त्यांच्या रोपांवर उभ्या होत्या. काचेच्या भिंतीपलीकडे अकरा हजार बाटल्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतच कुठेतरी त्यांच्या पत्नीची, सिंधूताईंची, मातृरोपं होती. पानं जाळणाऱ्या करपा रोगाला दाद न देणारं एक वाण सिंधूताईंनी बावीस वर्षं निवडत निवडत तयार केलं होतं. ते दुसरीकडे कुठेही नव्हतं. कुठल्या फळीवर, कुठल्या बाटलीत, हे एक यंत्राच्या नोंदीत होतं आणि एक सिंधूताईंच्या डोक्यात. सिंधूताईंना जाऊन सतरा दिवस झाले होते.

सुतकात काम बंद होतं, खोली आपली आपण चालत होती. आज फिरके पहिल्यांदा यंत्रासमोर बसले आणि यंत्राला बसवलेल्या कुलपाला ते चोर वाटले. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून त्याने दार बंद केलं, बाकी सगळं किमानावर आणलं, थंडावाही अगदी कमी केला. बाहेर मे महिन्याचे पंचेचाळीस अंश. पंचवीसला असायची ती खोली एकोणतिसावर आली होती. चौतिसाला रोपं आतून काळी पडतात.

दुपारी दोनला फैजपूरहून नसीबा तडवी आली. झेरॉक्सच्या दुकानापासून शीतगृहापर्यंत चाळीसेक लहान धंद्यांची यंत्रं ती सांभाळायची. तिने पाणीही घेतलं नाही. आधी सगळ्या नोंदी वाचून काढल्या आणि मग डोक्यावरची ओढणी सारखी केली.

या कुलपामागची कल्पना साधी होती. काही वर्षांपूर्वी तोतयांचा सुळसुळाट झाला होता. माणसाचा आवाज, चेहरा, बोटांचे ठसे, परवलीचे शब्द, सगळं काही मिनिटांत उसनं घेणाऱ्या आज्ञावलींना लोक तोतये म्हणत. मोठ्या कंपन्या तगल्या, लहान धंदे मात्र पटापट बुडाले. मग स्वभावकुलूप आलं. ते चेहरा बघत नाही, खूण विचारत नाही. माणूस कळफलकावर कुठे अडखळतो, कुठली चूक वारंवार करतो, ती कशी सुधारतो, विचार करताना किती थांबतो, अशा हजार बारीक सवयी ते चाळीस दिवस बघतं आणि त्यांतून माणसाची चाल शिकतं. पुढे ती चाल दिसली तरच ते उघडं राहतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात, तसं स्वभावाला चोरही नाही, असं कंपनीचा माणूस बसवताना म्हणाला होता.

“काका, त्या चाळीस दिवसांत एकट्यानेच बसायचं, हे सांगितलं होतं ना तुम्हाला?” नसीबाने विचारलं.

“सांगितलं होतं. पण बाई, आमच्याकडे एकट्याने कधी काय झालंय?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. सिंधूताई टोपी, मुखपट्टी लावून काचेच्या आत असायच्या आणि बाटल्यांचे आकडे स्पीकरवरून सांगायच्या. फिरके बाहेर बसून भरायचे. दहा-बारा आकड्यांत त्यांचा एखादा चुकायचाच. सिंधूताई काचेतून पडद्याकडे बघत असायच्या. त्या पेनाच्या टोपणाने काचेवर दोनदा टकटक करायच्या, फिरके मान वर न करता आकडा दुरुस्त करायचे. कुलूप बसवलं त्या चाळीस दिवसांतही असंच चाललं. घरच्या बाईला बाजूला ठेवून यंत्रापुढे एकटं कशाला बसायचं, असं दोघांनाही वाटलं होतं.

“म्हणजे ते तुम्हाला ओळखायला शिकलंच नाही,” नसीबा म्हणाली. “ऐकणाऱ्या माणसाला ओळखायला शिकलंय. समोर कुणी सांगत नसेल, तर तो माणूस तुम्ही नाही.”

फिरक्यांना हे पटायला वेळ लागला नाही. सतरा दिवस त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं.

हाताने चालवायची कळ कंपनीने तोतयांच्या भीतीने ठेवलीच नव्हती. कंपनीची माणसं पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. फिरक्यांनी काच फोडायची गोष्ट काढली, तेव्हा बाहेरची हवा आत शिरली तर तासाभरात सगळं संपेल, हे नसीबाने त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. खोलीच्या तापमानाचा आकडा एकतीस झाला.

मग ती खाली बघत म्हणाली, की स्पीकरवरच्या बोलण्याची जुनी नोंद यंत्राबाहेर वेगळी साठवलेली आहे. त्यावरून काकूंचा आवाज तयार करता येईल आणि तो आजचे आकडे सांगेल.

“तोतया,” फिरके म्हणाले.

“हो काका. तोतयाच.”

ते उठून काचेपाशी गेले. ज्या भीतीपायी हे कुलूप घरात आणलं, तिलाच आता सिंधूच्या तोंडून बोलायला लावायचं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. नसीबाने वाद घातला नाही, ती नुसती आकड्याकडे बघत राहिली. बत्तीस झाले, तेव्हा कोपऱ्यातल्या वरच्या फळीवरच्या बाटल्यांना आतून घाम आलेला दिसला. फिरके खुर्चीत येऊन बसले.

“लाव,” ते म्हणाले.

“फळी पहिली. बाटल्या चव्वेचाळीस. दोन खराब,” सिंधूताई म्हणाल्या. मध्येच घसा खाकरण्याची त्यांची सवयसुद्धा होती. फिरक्यांच्या बोटांना आकडे सापडू लागले. पडद्याची कड लाल होती, ती पिवळी झाली. नवव्या ओळीत त्यांनी सत्तावीसच्या जागी बहात्तर लिहिलं. आपण चुकलो, हे त्यांना कळलं नाही. आवाज पुढे जात राहिला. कड पुन्हा लाल व्हायला लागली.

नसीबाच्या ते लक्षात आलं. ती उठली, खिशातलं पेन काढलं आणि काचेवर दोनदा टकटक केली.

फिरक्यांनी मान वर न करता आकडा दुरुस्त केला. कड हिरवी झाली. पलीकडे थंडाव्याचं यंत्र घरघरायला लागलं. फिरके मात्र मान खाली घालूनच बसून राहिले, कारण वर बघितलं असतं तर काचेपाशी नसीबा दिसली असती.

निघण्यापूर्वी तिने दोन वाटा सांगितल्या. रोज तो आवाज लावायचा, किंवा कुलूप उघडं आहे तोवर आजपासून नवी चाल शिकवायची, चाळीस दिवस, एकट्याने. सिंधूच्या जागी तोतया बसवणार नाही, असं म्हणून फिरक्यांनी दुसरी वाट धरली. नसीबा दारात घुटमळली.

“काका, या चाळीस दिवसांत तुम्ही जसे असाल, तसेच पुढे राहावं लागेल. म्हातारपण त्याला कळतं, ते हळूहळू येतं. एकदम झालेला बदल त्याला चोरच वाटतो.”

“मी कुठे बदलायचा आता,” फिरके म्हणाले.

चाळीस दिवस ते एकटे बसले. बोटं जड पडायची, एकेका ओळीला ते थांबायचे, कधी पडद्याकडे नुसतेच बघत राहायचे. कुलपाने ते सगळं शिकून घेतलं.

आषाढ सरता सरता मातृरोपांना नवे कोंब फुटले. एकही रोप काळं पडलं नव्हतं. त्या सकाळी फिरक्यांनी कितीतरी दिवसांनी दोन वेळा चहा घेतला आणि आकडे भरताना त्यांच्या नकळत ते काहीतरी गुणगुणायला लागले. बोटं भरभर चालली. एकही आकडा चुकला नाही.

पडद्याची कड पिवळी झाली.

फिरक्यांचं गुणगुणणं थांबलं. काचेपलीकडे हिरवे कोंब उभे होते. त्यांनी खण उघडून सिंधूताईंचं पेन बाहेर काढलं, कळफलकाशेजारी ठेवलं आणि टोपणावर उमटलेल्या त्यांच्या दातांच्या खुणांकडे ते बघत राहिले. बऱ्याच वेळाने बोटं पहिल्यासारखी जड झाली. मग ते पुढची ओळ भरू लागले.

कड पुन्हा हिरवी झाली.