शेडमधून जाणारी वाट

"हा माणूस कोण आहे, सांगता का?"

ओडेट वळली. चर्चच्या हॉलमधली सभा संपत आली होती. बाहेर मे महिन्यातला गारठवणारा पाऊस, आत ओल्या कोटांचा वास आणि उकळून उकळून कडू झालेली कॉफी. भिंतीला टेकवून तिची मोठमोठी चित्रं मांडलेली होती. महापालिकेसाठी ती आखत असलेला मिलवॉकीचा नदीकाठ पुढे कसा दिसेल, त्याची चित्रं. गंजक्या गोदामांच्या जागी हिरवळ, बाकं, दिवे आणि थेट शहराच्या मध्यापर्यंत जाणारी पायवाट.

"कोणता माणूस?"

"हा. कस्टर्ड-आइस्क्रीमचा कोन खाणारा. लाल दाढीवाला."

तिनं चित्रातल्या माणसाकडे पाहिलं. मग विचारणाऱ्याकडे पाहिलं. तीच लाल दाढी, फक्त भिजलेली. तोच जरासा झुकलेला डावा खांदा.

"अरे देवा," ती पुटपुटली.

तिच्या धंद्यात माणसं पेरावी लागतात. नुसतं गवत आणि बाकं दाखवली तर कुणाला आवडत नाहीत. म्हणून ती सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडायची, दिसतील त्या लोकांचे लांबून फोटो काढायची आणि त्यांना कापून आपल्या हिरवळीवर उभं करायची. पेरलेलं माणूस समोर येऊन जाब विचारेल, असं आजवर झालं नव्हतं.

"माझ्या हातात रंग खरवडायचा धारदार पत्रा होता," तो म्हणाला. "तुम्ही तो काढून घेतलात आणि कस्टर्ड दिलंत."

"पत्रा जरा... भीतिदायक दिसत होता."

"आणि ही कोण? माझ्या हातात हात घालून चाललीय ती?"

"ती क्लीव्हलंडची आहे. तिथल्या कामातून उरली होती."

"छान आहे. पण आमची ओळख नाही."

"करून देऊ का?"

"नको. कस्टर्ड देणारीची ओळख झाली, तेवढी पुरे." तो पहिल्यांदाच हसला. हसला आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला, जणू हसू चुकून सांडलं होतं. "कॅस्पर झिएलिन्स्की. आता हे सांगा, चित्रात मी ज्या गवतावर उभा आहे, तिथं आज काय आहे?"

"रिकामी शेड. वापरात नसलेली..."

"माझी शेड. आजोबांनी बांधलेली. आम्ही लाकडी बोटी दुरुस्त करतो." तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मला ठेवलंत आणि शेड पुसलीत."

*

सोमवारी सकाळी ओडेट डबकी चुकवत नदीकाठी गेली. शेडची दोन्ही दारं बंद. पाहणीला आलेल्या माणसानं "रिकामी" का लिहिलं असेल, ते तिला तिथंच कळलं. तिनं दार ठोठावलं, बराच वेळ ठोठावलं.

आत लाकडाच्या भुश्शाचा, राळेचा गोडसर वास होता. मधोमध एक जुनी बोट पालथी घातलेली. कोपऱ्यात एक म्हातारी जाड कापडाचं शीड शिवत बसली होती.

"दारं बंद का ठेवता?" ओडेटनं विचारलं.

"लोक बघतात," कॅस्पर म्हणाला.

"बघितलं तर काय होतं?"

"बघतात, मग विचारतात. मग उत्तर द्यावं लागतं."

"मीही बघतेच आहे की."

"तुमचं वेगळं. तुम्ही विचारत नाही. परस्पर कापून नेता."

म्हातारी दोरा तोडत म्हणाली, "कॅस, पोरीला खुर्ची दे. लग्नाचं वय झालं तरी खुर्ची द्यायचं सुचत नाही."

"लग्नाचं वय होऊन गेलं, टेक्लाआत्या."

"म्हणूनच म्हणते, लवकर दे."

खुर्ची आली. तिच्यावर भुसा होता. तो त्यानं आपल्या बाहीनं पुसला. हळूहळू, नको इतक्या निगुतीनं. ओडेट तेवढा वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली आणि आत्या त्या दोघांकडे.

जमीन महापालिकेची होती. भाडेकरार शरद ऋतूत संपत होता. जूनअखेर पालिकेच्या समितीचं मतदान, आणि ओडेटच्या चित्रावर मत पडणार होतं. चित्रात शेड नसली तर शेड नाही.

"शुक्रवारी मासे खायला चला," निघताना तो दारातून म्हणाला. "कोपऱ्यावरच्या गुत्त्यात. तळलेला पर्च मासा, राय धान्याचा पाव..."

"मतदान होईपर्यंत नाही जमणार. लोक म्हणतील, शेड मासळीवर वाचली."

"नुसते बटाट्याचे पॅनकेक?"

"तेही नाही."

"सफरचंदाचा सॉस तरी?"

ती हसत डबक्यातच पाय घालून गेली.

*

मग ती मोजमापं घ्यायला येऊ लागली. शेड काही दर आठवड्याला लांब-रुंद होत नव्हती, पण मोजायचं दर वेळी काहीतरी राहूनच जायचं. तो काम करायचा, ती रेखाटायची. कधी त्याच्या कानामागची पेन्सिल मागून घ्यायची आणि परत द्यायला विसरायची. त्यानं मग कानामागे दोन ठेवायला सुरुवात केली.

एका दुपारी बोटीवर आडवी पडलेली उन्हाची पट्टी बघता बघता ती एकदम उठली. पूर्वेचं दार उघडलं. पश्चिमेचं उघडलं. एका दारातून जुना घाट दिसत होता, दुसऱ्यातून पूल. वाट अगदी सरळ रेषेत.

"कॅस्पर, शेड पाडायची कशाला? वाट आतूनच नेऊ."

"आतून... म्हणजे? लोक?"

"लोक. कुत्री. सायकल हातात धरून चालणारे. एका बाजूनं वाट, दुसऱ्या बाजूला तुमचं काम."

तो दार लावायला गेला. "ही शेड वाचवायची युक्ती आहे की मला मारायची?"

"अहो, नीट ऐकून तरी घ्या..."

"आजोबांनी, वडिलांनी, कुणी असं माकडासारखं पिंजऱ्यात उभं राहून काम केलं नाही."

"मग पुसते. हिरवळच करते तिथं." तिचा आवाज चढला. "तुला शेड हवीय की बंद दार हवंय? दोन्ही नाही मिळणार."

ती 'तू' म्हणून गेली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं. कुणी मागं घेतलं नाही.

"मला बोलता येत नाही लोकांशी," तो खाली बघत म्हणाला. "शब्दच सापडत नाहीत."

"माझ्याशी बोलतोस की."

"तुझ्याशी..." पुढचं वाक्य त्यानं पॉलिशपेपरनं घासून टाकलं.

*

अशा कामात एक पद्धत असते. फरशी घालण्याआधी वाट एक दिवस खडूनं आखून बघायची. उसन्या कुंड्या, घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि लोक येतात का ते पाहायचं. ओडेटनं शनिवार ठरवला. कॅस्परनं "बघू" म्हटलं, ज्याचा अर्थ त्याच्या भाषेत "बरं" असा होतो, हे आत्यानं तिला समजावलं.

शनिवारी दुपारपर्यंत थोडे लोक आले, आतून भराभर चालत गेले. कॅस्पर बोटीपलीकडे वाकून बसला होता. मग आकाश काळवंडलं आणि सर कोसळली. काठावर होते नव्हते ते सगळे पळत शेडमध्ये घुसले. मुलं, आज्या, ओली कुत्री. खडूची वाट दारापाशीच विरघळून गेली.

आता लपायला जागाच नव्हती. एका आजीनं छत्रीचं टोक बोटीकडे रोखलं. "एवढ्या फटी आहेत, ही बुडत कशी नाही हो?"

कॅस्परनं ओडेटकडे पाहिलं. तिनं त्याच्या हातात पॉलिशपेपर ठेवला. तिची बोटं त्या हातावर थोडा वेळ राहिली... जरा जास्तच वेळ राहिली.

"लाकूड फुगतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाण्यात गेलं की फुगतं. फटी आपोआप मिटतात. कोरडी बोट गळते, भिजलेली नाही गळत."

"असं होय?" मागून कुणीतरी म्हणालं. "मग ही फळी का बदलली?"

तो सांगू लागला. आधी एकेक शब्द, मग वाक्य, मग सांगता सांगता त्यानं आजीचा हात धरून फळीवरून फिरवला. "जुनी आणि नवी, सांध्यावर काही लागतं का बघा." आजीनं डोळे मिटून चाचपलं. नाही म्हणाली. मग सगळ्यांनाच चाचपायचं होतं.

पाऊस थांबला. कुणी गेलं नाही.

आत्या ओडेटजवळ येऊन हळूच म्हणाली, "लहानपणी हा असाच बडबडा होता. मला वाटलं होतं, संपलं सगळं बोलून."

*

मतदानाच्या दिवशी समितीच्या बाई म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. पण वाट सार्वजनिक राहील. दोन्ही दारं रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत उघडी. मिस्टर झिएलिन्स्की, तुम्हाला मान्य आहे?"

कॅस्पर उभा राहिला. टोपी हातात चुरगळत होता. सगळे वाट बघत होते. ओडेट सर्वांत पुढे बसली होती, पण इथं तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बिचारा आणखी गांगरला असता.

"हिवाळ्यात," तो शेवटी म्हणाला, "जरा किलकिली चालतील का?"

हॉल हसला. बाईही हसल्या. शेड राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेट गेली तेव्हा दारं सताड उघडी होती. नदीवरचं ऊन आतून आरपार वाहत होतं. कॅस्पर मधोमध उभा होता, दाढी विंचरलेली, हात रिकामे.

"आलीस."

"आले."

"एक बोलायचं होतं. दार लावून बोललो असतो, पण..."

"पण आता लावता येत नाही. तूच मान्य केलंस."

"मग असंच बोलतो." त्यानं मोठा श्वास घेतला. "तुझं काम संपलं. मोजायचं काही उरलं नाही. तरी येत जा. आणि मग... हळूहळू परत जाणं बंद कर."

ओडेटला हजरजबाबी म्हणून ऑफिसात ओळखत. ती दोन पावलं पुढे गेली आणि त्याची विंचरलेली दाढी दोन्ही हातांनी पार विस्कटून तिनं त्याचं चुंबन घेतलं.

कुणीतरी खाकरलं.

दारात एक जोडपं उभं होतं, सायकली हातात धरून. "माफ करा हं... इथून पुलापर्यंत जाता येतं का?"

कॅस्पर कानांपर्यंत लाल झाला. ओडेटला वाटलं, आता हा बोटीमागं जाणार. पण त्याचा हात तिच्या पाठीवर होता, तिथंच राहिला.

"येतं की," तो म्हणाला. "सरळ जा. फक्त आमच्या उजवीकडून. डावीकडच्या बोटीचा रंग अजून ओला आहे."