फिरत्या घराचा पोळा

“अहो, त्या फांदीला हात लावू नका. ती आमची आहे.”

विहंगने पळसाच्या झाडावरून खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला स्कूटी थांबवून एक मुलगी उभी होती. भुरभुर पाऊस पडत होता, म्हणून तिने डोक्याला किराणा दुकानाची पिशवी बांधली होती. एवढं करूनही ती चांगली दिसत होती, हे विहंगला जरा अन्यायाचंच वाटलं.

“झाड तर रस्त्याचं आहे,” तो म्हणाला.

“झाड रस्त्याचं, फांदी आमची. दर पोळ्याला मी इथूनच नेते. तुम्हाला कशाला पाहिजे?”

“घराच्या दाराला लावायला.”

“कुठे आहे घर?”

विहंगने झाडावरूनच बोट दाखवलं. रस्त्याखालच्या काळ्या मातीत एक जुनी पिवळी मिनीबस उभी होती. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर पाण्याची टाकी, मागच्या दाराला वाळत घातलेला टॉवेल... आणि दाराच्या पायरीवर बसून लसूण सोलणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या बाई.

“ती माझी आत्या, यमुताई,” विहंग म्हणाला. “आत झोपायला जागा आहे, गॅस आहे, बेसिन आहे. मीच बनवलं सगळं.”

मुलगी हसली. “घर आहे तर चाकं काहून?”

“चाकं आहेत तर घर कशाला, असं माझे बाबा विचारतात.”

पोळ्याच्या दिवशी विदर्भात बैलांना कामाला जुंपत नाहीत. त्यांना न्हाऊ घालतात, सजवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. घरोघरी दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी इडापीडा त्यांच्यासोबत देऊन ते गावाबाहेर टाकायचे असतात. ज्याला दार आहे आणि चूल आहे, त्याला मेढा पाहिजेच, असा यमुताईंचा आग्रह होता. म्हणून तर नवेगावहून नागपूरला परतताना, मौद्याच्या अलीकडे पळस दिसल्याबरोबर त्यांनी गाडी थांबवायला लावली होती.

मुलीचं नाव जया. इथून हाकेच्या अंतरावरच्या गावात ती तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवायची. शेवटी तिने फांद्यांची वाटणी केली. मोठ्या तिच्या, लहान विहंगच्या.

“तुमचं घर लहान आहे ना,” ती म्हणाली.

यमुताईंनी दाराला मेढा लावला. विहंग मोठ्या ऐटीत स्टिअरिंगवर बसला, जयाकडे पाहून त्याने हात हलवला, आणि चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. हात हलवून झाल्यावर आता काय करायचं, ते त्याला कळेना.

“सेल्फ स्टार्टर गेला वाटते,” जया खिडकीजवळ येत म्हणाली. “आणि मागचं चाक पाहा... चिखलाने धरलं.”

---

जयाने नंबर दिला, आणि विहंगने मौद्याच्या विक्रम मिस्त्रीला फोन लावला. मागे ढोल वाजत होता.

“भाऊ, आज पोळा, उद्या तान्हा पोळा,” विक्रम म्हणाला. “गॅरेज बंद. परवा सकाळी पहिला तुमच्याकडे येतो.”

“परवा फार उशीर होईल हो.”

“मग कोणाच्या गाडीला दोर बांधून, टोचन करून घेऊन जा न.”

नेमकं तेच करता येत नव्हतं. जयाने कारण विचारलं, तेव्हा विहंग खिडकीचा पडदा सारखा करायला लागला. मग यमुताईंनीच सांगून टाकलं.

“याने ऑफिस सोडून ही गाडी बांधली. लोकांना सहलीसाठी भाड्याने द्यायची म्हणतो. शरच्चंद्रला, म्हणजे याच्या बाबांना, ते पटत नाही. उद्या संध्याकाळी एक गिऱ्हाईक गाडी पाहायला येणार आहे. शरच्चंद्र म्हणाला, पहिल्या सहलीहून गाडी आपल्या पायांनी दारात आली, तर गिऱ्हाइकाला नाही म्हणतो. टोचन करून आणली, तर तिथूनच त्याच्या ताब्यात.”

“आणि मग तुम्ही?” जयाने विहंगला विचारलं.

“मग पुन्हा ऑफिस. खिडकीपाशी खुर्ची होती माझी. पण खिडकी उघडायची नाही.”

जयाने गाडीकडे पाहिलं. प्रत्येक खिडकी उघडी होती, आणि प्रत्येकीत पडदा फडफडत होता. तिने स्कूटीला किक मारली. “थांबा. बाबाले विचारून येते.”

तिचे बाबा, बाबाराव, थोड्या वेळाने स्वतःच आले. डोक्यावर नवी टोपी, बोटांना हळद. त्यांनी चाक पाहिलं, चिखल पाहिला, यमुताईंना नमस्कार केला.

“ट्रॅक्टरने नुसतं चिखलातून काढून देता का, काका?” विहंग म्हणाला. “तेवढं टोचन नाही होत.”

“आज नाही होत गा.”

“का हो?” विहंगने विचारलं.

“माह्या घरी आता बैल नाही. ट्रॅक्टरच माहा बैल. सकाळीच धुतला, हार घातला, पुरणपोळीचा घास दाखवला. आज त्याच्या खांद्यावर ओझं नाही टाकत आपण.”

विहंगला हसावं की रडावं, ते समजेना. बाबाराव मात्र अगदी गंभीर होते.

“तुम्ही बरोबर बोलता,” यमुताई म्हणाल्या. “सणाच्या दिवशी त्यालाही विसावा पाहिजे.”

“आत्या, तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“मी बैलाच्या बाजूने.”

---

संध्याकाळी जया पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली. विहंगने चहा ठेवला होता. भिंतीतून तो एक फळी ओढायचा की टेबल व्हायचं, पलंगाखालून खेचायचा की स्टूल निघायचं. जया एकेक गोष्ट उघडून पाहत होती, अगदी तिच्या तिसरीतल्या मुलांसारखी.

“आणि हे काय?”

“त्याला हात—”

तिने खिट्टी ओढलीच. वरचा कप्पा उघडला आणि विहंगचे सगळे मोजे तिच्या अंगावर पडले.

“हे अजून नीट जमलं नाही,” विहंग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“दिसून राहिलं,” जया म्हणाली. पण तिने मोजे उचलून, जोड्या लावून परत ठेवले. एक उरला. तो तिने त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली... बाहेर बेडूक ओरडत होते, आणि दोघांनाही अचानक बेडकांचं फार कौतुक वाटायला लागलं.

“किती ओरडतात ना,” ती म्हणाली.

“हो ना. फारच.”

यमुताई पुढच्या सीटवर वर्तमानपत्र वाचत होत्या. वर्तमानपत्र उलटं होतं.

“ही गाडी विकली तर तुम्ही इकडून कधी जाल?” जयाने विचारलं. विचारून झाल्यावर तिला वाटलं, असं विचारायला नको होतं.

“ऑफिसातून इकडे कोणी येत नाही,” विहंग म्हणाला. “विकली नाही, तर... रस्ता हाच आहे.”

चहाचा कप जयाने विसळून जागेवर ठेवला. दारातून उतरताना मात्र ती वळली.

“धक्का मारला तर चालू होते न ही?”

“होते. पण धक्का मारायला अर्धं गाव लागेल. आधी चिखलातून काढायची, मग उतारावर न्यायची.”

“अर्धं गाव,” जया म्हणाली. तिचे डोळे काहीतरी मोजत होते. “उद्या सगळंच गाव शाळेसमोर असते.”

---

पोळ्याचा दुसरा दिवस मुलांचा. त्याला तान्हा पोळा म्हणतात. लाकडाचा बैल, पायांना चाकं, गळ्यात दोरी. मुलं तो सजवून, या गावात शाळेसमोर, ओढत आणतात, आणि मग घरोघरी नेऊन खाऊ मागतात. त्या खाऊला बोजारा म्हणतात.

दुपारी पिवळ्या गाडीसमोर मुलांची ही झुंबड उडाली. पुढे जया, गळ्यात शिट्टी.

“आपल्या गावात आज सगळ्यात मोठा बैल आला आहे,” तिने मुलांना सांगितलं. “पण तो सजलेला नाही, आणि गाळात बसला आहे. काय करायचं?”

काय करायचं, हे मुलांना दोनदा सांगावं लागत नाही. समोरच्या काचेवर पुठ्ठ्याची शिंगं चढली. आरशांना घुंगरमाळा बांधल्या. कोणी तरी आईची जुनी जरीची साडी आणली, तिची टपावर झूल झाली. एका मुलीने तर गाडीच्या दोन्ही दिव्यांना काजळ लावलं.

विहंगने आणि मोठ्यांनी चाकाखालची माती उकरली, दगड घातले, पोती अंथरली. पुढच्या आकड्याला जाड दोर बांधला. गावातली माणसं दोराला भिडली, मागून बाबाराव आणि त्यांच्या बरोबरीचे. एकदा ओढलं, गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा डुलली. तिसऱ्यांदा चाकाने मोठा आवाज करून माती सोडली, आणि बाबाराव गुडघ्यांपर्यंत काळे झाले.

“ट्रॅक्टर काहून नाही आणला बाबा? आज तर सण झाला त्याचा,” जयाने विचारलं.

“तो लावला असता तर याच्या बाबानं ते टोचनच धरलं असतं न वं,” ते चेहरा पुसत म्हणाले.

मग पक्क्या रस्त्यावर मुलांची पाळी आली. दोर धरून ती गाडी शाळेपर्यंत ओढत निघाली. खरा जोर मागून मोठ्यांचाच होता, पण हे मुलांना कोणी सांगितलं नाही. शाळेपुढे उतार लागतो. तिथे जयाने शिट्टी वाजवली.

“दोर सोडा. सगळे कडुनिंबाखाली. ओट्यावर चढा आणि तिथून हलायचं नाही. कोण राहिलं? मोजते मी.”

तिने खरोखर मोजलं. मगच विहंगकडे पाहून मान हलवली.

मागून धक्का बसला. पिवळा बैल उतारावरून निघाला, घुंगरू वाजले, झूल उडाली. विहंगने क्लच सोडला. गाडी एकदा थरथरली, खोकली... आणि धडधडायला लागली. ओट्यावर असा गलका झाला की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडून गेली.

“बंद करू नका हो,” जया ओरडली. “आता नागपूर येईपर्यंत बंद नाही करायची.”

“माहीत आहे,” विहंगही ओरडला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आता निघायलाच पाहिजे. संध्याकाळच्या आत नागपूरला, सक्करदऱ्याच्या घरी पोचायचं आहे. जे सांगायचं होतं ते कालच, चहाच्या वेळी सांगायला हवं होतं. आणि आपण काय केलं? बेडकांवर बोललो.

त्याने आरशात पाहिलं. जया दोर गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

गाडी गावाबाहेर जायच्या ऐवजी डावीकडे वळली.

“रस्ता उजवीकडे आहे,” यमुताई म्हणाल्या.

“बोजारा राहिला, आत्या.”

दारात हार घातलेला ट्रॅक्टर दिसला, त्या जयाच्या घरासमोर पिवळा बैल धडधडत उभा राहिला. विहंग खाली उतरला. जया दोर खांद्यावर घेऊन धावत आली, तिला वाटलं, पुन्हा काही बिघडलं.

“काय झालं?”

“बैल आणला आहे. बोजारा पाहिजे.”

“बोजारा लहान मुलांना असतो,” ती म्हणाली. धाप लागली होती, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. “तुमचं वय काय?”

“बैलाची ही पहिलीच फेरी आहे. त्याचं वय धरा.”

“मग काय पाहिजे? लाडू की चिवडा?”

विहंगने श्वास घेतला. इंजिन धडधडत होतं, त्यामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागलं, आणि आजूबाजूच्या तीन ओसऱ्यांनी ते ऐकलं.

“जया, मला तू आवडतेस. कालपासून. म्हणजे त्या फांदीपासून. मी खिडक्या, पलंग, बेसिन, सगळं केलं त्या घरात... पण काल तू कप विसळून जागेवर ठेवलास, तेव्हा पहिल्यांदा ते घर वाटलं. तुला मी नसेन आवडत तर चिवडा दे. मी जाईन.”

जया वळली आणि घरात गेली.

विहंग उभा राहिला. चिवड्याचा डबा उघडल्याचा आवाज येतो का, ते तो कान देऊन ऐकत होता. यमुताईंनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं.

ती बाहेर आली. तिच्या हातात एक लाकडी बैल होता. जुना, रंग उडालेला, एक शिंग चिकटवलेलं.

“हा माझा,” ती म्हणाली. “मी पहिलीत होते तेव्हाचा. पण देत नाही. उसना आहे. परत आणून द्यावा लागतो.”

“कधी? पुढच्या पोळ्याला?”

“इतका उशीर काहून?” जया म्हणाली, आणि मग तिने मान खाली घातली. “रविवारी सुट्टी असते मला.”

---

सक्करदऱ्याच्या घराबाहेर शरच्चंद्र आणि गिऱ्हाईक उभे होते. गल्लीच्या तोंडाशी आधी घुंगरू ऐकू आले. मग शिंगं दिसली, मग झूल, मग काजळ घातलेले दोन दिवे. गाडी आपल्या पायांनी दारात आली आणि धडधडत उभी राहिली.

शरच्चंद्रांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

“हे काय आहे?” त्यांनी शेवटी विचारलं.

“आधी पाय धू त्याचे,” यमुताई खाली उतरत म्हणाल्या. “दाराशी बैल आला की विचारत बसतात का रे?”

शरच्चंद्रांनी बहिणीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. चिखलाने माखलेला त्याचा चेहरा इतका आनंदी त्यांनी त्याच्या ऑफिसच्या दिवसांत कधी पाहिला नव्हता. ते आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले, आणि पुढच्या चाकावर पाणी ओतलं. मग गिऱ्हाइकाकडे वळले.

“माफ करा हो. पोळ्याचा बैल विकत नसतात.”

विहंगने चावी फिरवली. गाडी शांत झाली. समोरच्या काचेमागे चिकटवलेल्या शिंगाचा लाकडी बैल घराकडे नाही, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

रविवारी सकाळी जयाचा फोन वाजला.

“मी निघालो होतो, पण थांबलो आहे,” विहंग म्हणाला. “पळसाखाली.”

“पुन्हा सेल्फ गेला?”

“नाही, नवीन टाकला. गाडी अगदी ठणठणीत आहे.”

“मग काहून थांबले?”

“मागच्या वेळी तू इथेच भेटली होतीस.”

पलीकडून स्कूटीला किक मारल्याचा आवाज आला.