शेवटच्या रांगेतला हात

त्या दिवशी गुन्वोर मासेमारांच्या जुन्या सभागृहाकडे निघाली, ती एवढंच सांगायला, की उद्या माझी फिल्म दाखवू नका.

दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. नोव्हेंबर संपता संपता बेटावरून सूर्य जातो, तो जानेवारीच्या मध्याशिवाय तोंड दाखवत नाही. म्हणून तर लघुपटांचा महोत्सव याच दिवसांत भरतो. नाहीतरी अंधारातच बसायचं, तर सगळ्यांनी मिळून बसावं. आसपासच्या बेटांवरची कुणीही माणसं फिल्म पाठवतात. मासे कापणाऱ्या बाया, शाळामास्तर, आणि यंदा पहिल्यांदाच वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी चोपन्न वर्षांची गुन्वोर.

तिची फिल्म सात मिनिटांची होती. जाळ्यांच्या शेडबाहेर, वडील गेल्यापासून अर्ध्या रिकाम्याच राहिलेल्या बाकावर बसून तिची आई, आल्विल्ड, हातमोजे विणतेय, आणि मागे समुद्र. बस, एवढंच. सप्टेंबरमधल्या एका वाऱ्याच्या दुपारी फोनवर काढलेली. त्यानंतर बाराव्या दिवशी छातीत कफ भरून आई गेली.

कालच हेर्डिसचा, मोठ्या बहिणीचा, फोन आला होता. "आईला त्या वाऱ्यात बसवलंस ते बसवलंस. आता गाव जमवून दाखव सगळ्यांना!" गुन्वोरनं फोन ठेवून दिला. रोज अंथरुणाला पाठ टेकली की ती स्वतःला तेच तर बोलत होती.

सभागृहात अजूनही डांबराचा आणि जुन्या दोरखंडांचा वास भरून असे. आज त्यात ओल्या लोकरीचाही वास मिसळलेला होता. गुन्वोर बाजूच्या जिन्यानं वर, प्रोजेक्टरच्या खोलीत गेली. सिग्ब्यॉर्न, एकेकाळचा बोटीवरचा इंजिनवाला, छोट्या काचेतून खाली बघत बसला होता. महोत्सवाच्या सगळ्या फिल्म्स तो आदल्या दिवशी अशा एकेक करून तपासायचा. त्याची एक जुनी रीत होती. वरच्या खोलीत आवाजाचा अंदाज येत नाही, म्हणून कुणीतरी खाली शेवटच्या रांगेत ऐकायला बसायचं. अंगठा वर केला की आवाज वाढवायचा, पंजा आडवा धरला की पुरे. बहुतेक वेळा त्याची बायको ओड्नीच बसायची.

चाहूल लागताच त्यानं मान वळवली. "अगं, तू वर कशाला आलीस? खालून छान खुणा करत होतीस की!"

"मी? मी आत्ता येतेय, सिग्ब्यॉर्न. अंगावरचा बर्फ बघ."

"चेष्टा पुरे. तुझीच फिल्म चाललीय, म्हटलं तूच येऊन बसलीस. ओड्नी तर धक्क्यावर गेलीय, पाहुण्यांना आणायला." तो बोलता बोलता थांबला. "मग… खाली कोण आहे?"

दोघंही काचेपाशी सरकली.

पडद्यावर आई विणत होती. त्या उजेडापुढे खुर्च्यांच्या पाठी काळ्याशार दिसत होत्या. शेवटच्या रांगेत, मधोमध, एक हात वर आलेला होता. बारीक, म्हातारा हात. डोकं मात्र दिसत नव्हतं. आणि सभागृहभर वारा घोंघावत होता.

"हा वारा कसला?" गुन्वोर पुटपुटली. "मी अ‍ॅकॉर्डियनचं संगीत लावलेली प्रत दिली होती…"

"तू ही दिलीस. दरवर्षी कुणीतरी घोळ घालतंच. गेल्या वर्षी मास्तरनं नातीच्या बारशाचं चित्रण पाठवलं होतं." एरवी तो मोठ्यानं हसला असता.

तिला आठवलं. शेवटची तारीख, गॅसवर माशाचं सूप, दोन्ही प्रतींना एकच नाव. घाईत नको ती गेली.

"बंद कर. मला ही दाखवायचीच नाही. तेच सांगायला आलेय."

"थांब… बघ."

खालच्या हाताचा अंगठा वर झाला.

सिग्ब्यॉर्ननं आवाज वाढवला. सवयीनंच, जणू बोटं त्याची नव्हती. अंगठा पुन्हा वर. त्यानं आणखी वाढवला. आता वाऱ्यानं भिंती हादरायला हव्या होत्या. पण वारा होता तेवढाच राहिला… आणि त्याच्या तळातून दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं.

पडद्यावर तोच क्षण आला, ज्याला गुन्वोर घाबरत असे. फोन माशांच्या पेटीवर तसाच चालू ठेवून ती शाल आणायला शेडमध्ये गेली होती. मागे आईनं मान वळवली आणि तिचे ओठ हलले. काय बोलली ते वाऱ्यानं खाल्लं होतं. गुन्वोरनं मात्र तीन महिने एकच धरलं होतं, की आई म्हणत असणार, गारठले गं, घरी चल.

अंगठा तिसऱ्यांदा वर झाला.

"गुन्वोर," आई म्हणाली. कानाशी बोलावं इतकं स्पष्ट. "राहू दे गं ती शाल. मला नाही थंडी वाजत. ये, अजून घे. आत्ता कुठे ढग सरलाय… किती वर्षांनी कुणीतरी एवढा वेळ माझ्याकडे बघतंय."

खालचा पंजा आडवा झाला. पुरे. मग सावकाश खाली गेला.

सिग्ब्यॉर्ननं फिल्म थांबवली, सगळे दिवे लावले, आणि दोघं खाली धावली. शेवटची रांग रिकामी होती. जमिनीवर ओलसर पाऊलसुद्धा नव्हतं. बाहेरच्या ताज्या बर्फात सभागृहाकडे आलेली पावलं एकाच माणसाची होती, गुन्वोरची.

सिग्ब्यॉर्ननं दार लावून घेतलं.

"ओड्नीला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "ती परत तिथे बसायची नाही."

गुन्वोर रडत होती, पण छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला वाटत होतं. भीतीही होती. ती कुठे गेली नव्हती. फक्त आता ती भीती एकटी नव्हती.

"उद्या हीच लाव," ती म्हणाली. "वाऱ्याची."

सभागृहाबाहेर पडतानाच तिनं बहिणीला फोन लावला. "हेर्डिस, उद्या ये. आईचं बोलणं ऐकायला ये."

"कसलं बोलणं? तुझं डोकं…"

"तू ये फक्त."

दुसऱ्या दिवशी चारला सभागृह गच्च भरलं. हेर्डिस आली, कोटाची बटणंही न काढता ताठ बसली. "तुझ्यासाठी नाही आले," तिनं आधीच बजावलं. फिल्म सुरू झाली. वारा आला, त्यातून आईचा शब्द न् शब्द आला. मागच्या बाईनं नाक ओढलं. हेर्डिसच्या हातानं अंधारात चाचपडत गुन्वोरचा हात शोधला आणि दुखेल इतका घट्ट धरला.

"मला वाटलं होतं, तू तिला…" हेर्डिस कुजबुजली. "माफ कर गं."

"मलाही तेच वाटत होतं."

यापुढचं गुन्वोरला पाठ होतं. आई मान खाली घालणार, पुन्हा विणायला लागणार, ढग परत येणार आणि फिल्म संपणार. शंभर वेळा तरी तिनं ते पाहिलं होतं.

पण आईनं मान खाली घातली नाही. ती डावीकडे बघून हसली, ओळखीचं माणूस यावं तशी. लोकरीची टोपली तिनं उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर थोडी सरकली.

हेर्डिस पुढे झुकली. "ही कुणाला जागा देतेय गं?"

पडद्यावर ऊन पडलं होतं. आईनं बाकाची मोकळी बाजू हातानं झटकून स्वच्छ केली, आणि त्या बाजूची फळी कुणीतरी बसल्यासारखी हळूच खाली वाकली.