एकदाच विचारणारा माणूस

योगेश गायखे मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी ओरडत होते. त्याच्यावर नाही, माझ्या भावावर. त्याच्यावर ओरडायची वेळ लगेच पुढे आली.

डिसेंबरातला रविवार. दुपार झाली तरी नाशिकची थंडी अंगातून जात नव्हती, म्हणून मिसळीच्या हॉटेलात मी बाहेरचं, उन्हातलं टेबल धरलं होतं. समोर मिसळ निवत होती आणि मोबाइलवर राजूदादा प्रागच्या चौकात उभा होता. मागे ख्रिसमसचं भलंमोठं झाड, सरितावहिनीच्या डोक्यावर लाल टोपी, आणि भाची दिशा तोंडातून वाफा सोडून दाखवत होती.

"हर्षे, बघ! बर्फ!"

"लाज नाही वाटत? आईने डिंकाचे लाडू करून डबे भरलेत. नानांनी तुमच्यासाठी नवा गीझर बसवून घेतला. आणि तू मला बर्फ दाखवतोस?"

"अगं, पण नानाच म्हणाले की…"

"ठेव फोन!" असं म्हणून मीच ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते मिसळीच्या तर्रीमुळे असं मी स्वतःला सांगितलं.

"तो चौक मीच सुचवला त्यांना," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "सकाळी लवकर गेलं की गर्दी नसते. फोटो छान येतात."

मी वळून पाहिलं. चेक्सचा शर्ट, कानाला मफलर, हातात पाव, आणि चेहऱ्यावर असं हसू… जणू काही झालंच नाही!

"तुम्ही कोण?"

"योगेश गायखे. नाशिकरोडला माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. दोह्याचे राजू बोरस्ते ना हे? प्राग, व्हिएन्ना, नवीन वर्षही व्हिएन्नात. बुकिंग माझ्याकडूनच झालं."

"म्हणजे माझ्या आईबापाचा डिसेंबर विकणारा माणूस तुम्हीच!"

हॉटेलातले लोक बघायला लागले. तो मात्र शांत. पाव ताटात ठेवून म्हणाला, "मॅडम, मिसळ गार होतेय. आधी खा, मग भांडू."

अस्सा राग आला मला! पण खरं सांगते, मिसळ गारच होत होती. खाल्ली. तो थांबला. मग भांडलो.

दादा नऊ वर्षं दोह्यात आहे. नाताळच्या सुट्टीत तो घरी येतो, म्हणजे येतोच, आणि त्याच्यामुळे आमच्या घराची दिवाळी तेव्हा असते. नाना, म्हणजे आमचे वडील, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाल्यापासून तर वर्षभर त्याच दिवसांवर जगतात. या वर्षी दादा युरोपला गेला आणि नानांनी रोजचं बोलणंही कमी केलं. गॅलरीत ऊन खात बसायचे, जेवायला हाक मारली की "भूक नाय" म्हणायचे. ते पाहून माझं डोकं फिरायचं. शाळेला सुट्टी होती, मी गणिताची शिक्षिका, वह्या तपासायच्या सोडून मी रोज गायखेच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले.

"त्यांची तिकिटं बदला."

"त्यांनी सांगितल्याशिवाय नाही बदलता येत."

"मग त्यांना सांगायला लावा!"

"चहा घेणार?"

"मला चहा नकोय!"

"बरं," म्हणायचा आणि फक्त स्वतःसाठी मागवायचा! आलं घातलेल्या त्या चहाचा वास माझ्या नाकात, आणि कप त्याच्या हातात. असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पण ऑफिसातल्या एकुलत्या हीटरचं तोंड मी आले की माझ्याकडे वळवायचा, न बोलता. एकदा माझी ओढणी खुर्चीच्या चाकात अडकली, तर खाली गुडघ्यावर बसून इतकी हळू सोडवली त्याने की मी भांडणाचा मुद्दाच विसरले. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. आजकाल कोण लावतं?

नाताळच्या दिवशी मी निघाले, तर तो दारापर्यंत आला. पहिल्यांदाच त्याला शब्द सापडेनात.

"उद्या… संध्याकाळी… गंगापूर धरणावर येता का? सूर्य मावळताना पाणी छान दिसतं. प्राग नाही ते, पण…"

माझ्या मनाने तोवर पिवळा ड्रेस काढूनही ठेवला होता. आणि तोंडाने काय म्हणाले?

"छे, नको. कशाला उगाच."

"बरं," तो म्हणाला. आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला.

बरं? नुसतं बरं? अरे बाबा, अजून एकदा विचार ना! मी पायरीवर उगाच चप्पल नीट केली, पर्स उघडली, बंद केली. आतून की-बोर्डचा आवाज येत राहिला. घरी जाऊन मी आईवर चिडले, भांड्यांवर चिडले, आणि तेव्हा कळलं की मला हा माणूस हवाय. आणि मी त्याला नको म्हणून बसले होते.

पुढचे दोन दिवस मी गेले नाही. तो बोलवेल असं वाटलं. फोन नाही, मेसेज नाही. तिसऱ्या दिवशी तणतणत गेले, म्हटलं भांडण तरी पुरं करू.

"तुम्हाला काही विचारलं नाही का दादाने, घरी जाऊ की युरोपला म्हणून?"

"मीच विचारलं होतं त्यांना, सुट्टीत घरी नाही जाणार का." त्याने मान वर केली. "ते म्हणाले, नानांना दोनदा विचारलं, येऊ का? दोन्ही वेळा नाना म्हणाले, आमचं काय, तुम्ही जा, पोरीची हौस होऊ द्या. त्यांना वाटलं, आपण गेलो की म्हाताऱ्यांना दगदगच होते."

"अहो, नाना असंच म्हणणार! कोणीही असंच म्हणतं! पाहुणा ताटावर हात धरतो, म्हणून काय पोळी वाढायची नाही? आग्रह करायचा असतो! नऊ वर्षांत विसरला हा!"

"मला नाही जमत आग्रह," तो हळूच म्हणाला. "दिवसभर मी लोकांना विचारतो, खिडकी की कडेची सीट? ते सांगतात ते देतो. आणि… एखादी मुलगी नको म्हणाली, तर नको. परत परत विचारून तिला हो म्हणायला लावणारा मी नाही, मॅडम."

म्हणजे हा आता कधीच विचारणार नव्हता. वाईट काय, तर त्याचं बरोबर होतं! त्याच्यावर चिडायलाही जागा ठेवली नव्हती त्याने. मी तशीच उठले आणि घरी येऊन नानांसमोर उभी राहिले.

"नाना, तुम्ही दादाला 'ये' का नाही म्हणालात?"

"बोलवायला तो काय पाहुणा हाय का?"

"तुम्ही नको म्हणालात, त्याने नको ऐकलं!"

"त्याला कळाया नको?"

"नाही कळत! कोणालाच नाही कळत, नाना! आपण गप्प बसून फुगायचं आणि समोरच्याने मनातलं ओळखायचं, हा कुठला न्याय? बोला ना एकदा तोंडाने!"

मी कोणावर ओरडत होते देव जाणे. आई पदराने डोळे पुसत होती. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"राजू… थंडी लय हाय का तिकडं? दिशीला कानटोपी घाला…" एवढं बोलून ते फोन परत द्यायला लागले. मी हात मागे बांधले. नानांनी फोन पुन्हा कानाला लावला. "राजू… ये रे घरी. करमत नाय आम्हाला."

पलीकडे दादा रडत रडत रागावला. "मग हे आधी का नाय बोललात, नाना? किती वाट बघितली मी, तुम्ही ये म्हणाल म्हणून!"

एकतीस तारखेला दुपारी मी गायखे ट्रॅव्हल्सचं दार ढकललं. पिवळा ड्रेस घातला होता. समोर निफाडचे एक शेतकरी, कोंडाजी आहेर, बायकोला दुबई दाखवायची म्हणून तिकीट काढत बसले होते.

"झालं बघा," योगेश स्क्रीनकडे बघतच मला म्हणाला. "दादांचा फोन आला होता. व्हिएन्नाहून थेट मुंबईला येतायत, दोन तारखेला उतरतील. आता तुमचं भांडण मिटलं." आवाज खाली आला. "आता… यायचं काही कारण नाही तुम्हाला."

"आहे."

"काय?"

"मी त्या दिवशी नको म्हणाले ते खोटं होतं. मला यायचं होतं. धरणावर यायचं होतं. तुम्ही जिथे न्याल तिथे यायचं होतं. तुम्ही मला आवडता, योगेश. लग्न करायचंय मला तुमच्याशी. आणि आता नुसतं 'बरं' म्हणालात, तर हा कॉम्प्युटर मी रस्त्यावर फेकीन!"

कोंडाजीबाबांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली.

योगेश उभा राहिला. त्याचा चेहरा लाल होत गेला. मिसळीच्या हॉटेलात शांत राहिलेला, माझ्या रोजच्या आरडाओरड्यात चहा पिणारा तो माणूस… त्याने टेबलावर हात आपटला.

"मग त्या दिवशीच सांगायला काय झालं होतं?" तो ओरडला. "इतके दिवस जेवण गेलं नाही मला! झोप नाही! रोज दाराकडे बघतोय वेड्यासारखा, आणि तू… तू म्हणतेस खोटं होतं? काही अक्कल आहे का तुला, हर्षाली?"

आयुष्यात कोणाचं ओरडणं मला इतकं गोड लागलं नव्हतं. मी हसत होते, रडत होते, आणि तो अजून ओरडतच होता.